वाचणारा जमाव

परक्या देशांत चार वर्षें राहून त्याविषयीं चारशें पानें लिहिणारांची परंपरा जुनी आहे, आणि चीनच्या वांट्यास असे लेखक जरा अधिकच आले आहेत. बहुतेकांना तो देश म्हणजे एक कोडें वाटतें व तें आपणांस सुटलें अशी त्यांची समजूत असते. पूर्वीं हें कोडें चहा, अफू आणि बादशाही दरबार यांच्या भोंवतीं गुंफलें जाई. आतां तें इंटरनेटच्या भोंवतीं गुंफलें जातें. २००९ मध्यें तेथें बंद झालेलीं फेसबुक व ट्विटर, २०१० मध्यें तेथून काढतें पाऊल घेणारें गूगल, आणि त्या बंद आवारांत एकमेकांवर तुटून पडणारे कोट्यवधि तरुण, हें चित्र आपल्याकडील सुशिक्षित वाचकांसहि एव्हांना पाठ झालें आहे.

या ठराविक चित्रापलीकडे जाणारीं दोन पुस्तकें अलीकडे वाचण्यांत आलीं. एक पीटर हेसलर यांचें 'अदर रिव्हर्स' (२०२४) आणि दुसरें मायकेल बेरी यांचें 'ट्रान्स्लेशन, डिसइन्फर्मेशन अँड वुहान डायरी' (२०२२). दोघेहि अमेरिकन, दोघांनाहि चिनी भाषा उत्तम अवगत, आणि दोघांनींहि चिनी इंटरनेटवरील रोषाचा अनुभव स्वतः घेतलेला. परंतु मला महत्त्वाची वाटली ती गोष्ट निराळीच आहे. हेसलर शिक्षक आहेत, बेरी भाषांतरकार आहेत. म्हणजे दोघांचाहि धंदा वाचण्याचा आहे. त्यामुळें आपल्यावर काय कोसळलें हें सांगतांना, आपलें लिहिणें कोणत्या रीतीनें वाचलें गेलें, हेंहि ते नकळत सांगून जातात. असहिष्णुता ही मुख्यतः बोलण्याची तऱ्हा आहे असें आपण समजतों. ती आधीं वाचण्याची तऱ्हा असते, असें हीं पुस्तकें मिटल्यावर माझें मत झालें.

हेसलर १९९६ ते १९९८ या काळांत यांग्त्सी नदीकांठच्या फुलिंग गांवीं इंग्रजी शिकवीत होते. त्या अनुभवावरील 'रिव्हर टाउन' (२००१) या पुस्तकाचें चिनी भाषांतर पुढें त्या देशांत आवडीनें वाचलें गेलें. २०१९ मध्यें ते सहकुटुंब पुनः आले व चेंगदू येथील सिचुआन विद्यापीठांत शिकवूं लागले. दोन जुळ्या मुलींना त्यांनीं तेथल्याच सरकारी प्राथमिक शाळेंत घातलें. पालकांसाठीं वीचॅटवर चालणाऱ्या मंडळाचें त्यांनीं केलेलें वर्णन मोठें गमतीचें आहे: सकाळपासून रात्रीपर्यंत सूचना, पोंचपावत्या आणि आभारप्रदर्शन! ज्या इंटरनेटवर माणसें एकमेकांस फाडून खातात तेंच इंटरनेट उद्यां मुलांनीं काय घालून यावें हेंहि सांगत असतें, ही गोष्ट परकी निरीक्षक सहसा विसरतात. हेसलर विसरत नाहींत.

डिसेंबर २०१९ मध्यें एक प्रकार घडला. एका विद्यार्थ्याच्या निबंधाच्या मसुद्यावर हेसलर यांनीं शेरे लिहिले होते. विषय भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांसंबंधीं होता. थोड्याच दिवसांत त्या शेऱ्यांची मोडतोड केलेली हकीकत इंटरनेटवर फिरूं लागली आणि अमुक लेखकाविरुद्ध वर्दी दिली गेली आहे, असा बोभाटा झाला. चिनी भाषेंत याला 'जुबाओ' असा शब्द आहे. एखाद्याविषयीं वरिष्ठांकडे तक्रार नोंदविणें, हा त्याचा अर्थ. लांचखाऊ अधिकाऱ्याविरुद्ध केलेली तक्रारहि जुबाओच, आणि गुरुजींच्या एका वाक्याविरुद्ध केलेलीहि जुबाओच.

समासांतील शेरा ही एक स्वतंत्र वाङ्मयजातिच मानली पाहिजे. तो एकाच वाचकासाठीं लिहिलेला असतो आणि शेजारच्या ओळीवांचून त्याला अर्थ नसतो. "हें खरें आहे काय?" या प्रश्नांत शिक्षक विद्यार्थ्याच्या मताचा धिक्कार करीत नसतो, त्याला पुरावा मागत असतो. तोच प्रश्न कागदावरून उचलून लक्षावधि अनोळखी माणसांपुढें मांडला कीं त्याचा शेरा उरत नाहीं, त्याची घोषणा होते. ज्याचीं तीस वर्षें असे शेरे लिहिण्यांत गेलीं त्याला हें निराळें सांगावयास नको. हेसलर यांनीं हा भाग चढ्या आवाजांत सांगितलेला नाहीं, व त्यांतच त्याची धार आहे. आपले विद्यार्थी त्यांनीं माथेफिरू म्हणून रंगविलेले नाहींत. ते कष्टाळू आहेत, शहाणे आहेत. त्यांतील बरेचजण बंदी ओलांडून बाहेरचें जग पाहण्याची युक्ति जाणतात. तरीहि शंभरांत एखादा वर्दी देणारा असूं शकतो, आणि तो कोण हें कधींच कळत नाहीं, एवढ्यानें सबंध वर्गाची हवा बदलते. २०२१ मध्यें त्यांचा करार वाढविण्यांत आला नाहीं व ते मायदेशीं परतले.

बेरी यांची कथा अधिक भयंकर आहे. वुहान शहर २३ जानेवारी २०२० रोजीं बंद झालें. तेथील ज्येष्ठ लेखिका फांग फांग यांनीं २५ जानेवारीपासून २४ मार्चपर्यंत रोज एक याप्रमाणें साठ नोंदी इंटरनेटवर लिहिल्या. औषधें, भाजी, आप्तांचे मृत्यु, अधिकाऱ्यांची टाळाटाळ असा त्यांचा मजकूर होता, आणि कोंडलेलीं माणसें मध्यरात्रीं जागून ती वाचीत. बेरी ती दैनंदिनी लिहिली जात असतांनाच इंग्रजींत आणीत होते. एप्रिलमध्यें पुस्तकाची आगाऊ विक्री जाहीर होतांच वारें फिरलें. कालची लोकांची लेखिका आज परक्यांच्या हातीं सुरी देणारी ठरली! भाषांतर इतक्या लवकर झालें याचा अर्थ हा कट आधींच शिजला होता, असा तर्क लढविला गेला आणि भाषांतरकाराला शिव्यांचे व धमक्यांचे संदेश येऊं लागले. वुहानमध्यें भिंतीवर लेखिकेचा निषेध करणारें मोठ्या अक्षरांचें पत्रकहि लागलें. तिची बाजू घेणाऱ्या हुबेई विद्यापीठांतील एका प्राध्यापिकेचें शिकविण्याचें काम त्याच वर्षीं जूनमध्यें काढून घेण्यांत आलें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. या दैनंदिनीवरील सर्वच आक्षेप टाकाऊ नव्हते. फांग फांग घरांत कोंडलेल्या होत्या. त्यांची पुष्कळ माहिती डॉक्टर मित्रांकडून ऐकलेली होती. दहनगृहाच्या जमिनीवर मृतांचे मोबाईल विखुरलेले असल्याचें एक छायाचित्र मित्रानें पाठविलें, असें त्यांनीं लिहिलें. पण तें छायाचित्र वाचकांपुढें आलें नाहीं. ऐकीव गोष्टीला दैनंदिनींत कितपत स्थान असावें, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. माझें उत्तर असें कीं, कोंडलेल्या शहराची दैनंदिनी ऐकीव गोष्टींनींच भरलेली असणार; त्या गाळल्या तर भीतीच गाळल्यासारखें होईल. कोणी याहून वेगळें उत्तर दिलें तरी तें ऐकण्याजोगें ठरेल. परंतु जमावानें हा प्रश्न उत्तरासाठीं विचारलाच नव्हता. तसेंच इंग्रजी प्रकाशकानें मुखपृष्ठावर घातलेल्या उपशीर्षकाचें. साथीचें मूळ केंद्र वुहान, असें सुचविणारे शब्द त्यांत होते. ते पुढें बदलले गेले, पण तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. बेरी याबद्दल सविस्तर लिहितात. प्रकाशकाला मात्र त्यांनीं माझ्या मतें फार हलक्या हातानें सोडलें आहे. दुसऱ्याच्या दुःखाच्या पुस्तकावर कोणते शब्द छापावे, याचें भान विक्रेत्याला नसेल तर निदान भाषांतरकारानें तें त्याला करून द्यावें.

हा सारा जमाव भाडोत्री होता, असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. दर मजकुरामागें अर्धा युआन घेणाऱ्यांची 'पन्नास सेंटवाली मंडळी' प्रसिद्धच आहे. पण हार्वर्डच्या गॅरी किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे. सरकारपक्षाकडून वर्षास सुमारें ४४ कोटी ८० लक्ष बनावट मजकूर लिहिले जातात, असा त्यांचा अंदाज. परंतु त्यांत वादविवाद जवळजवळ नाहींच, स्तुति आणि विषयांतर हेंच अधिक. म्हणजे रागावणारे बहुतांशीं आपखुशीनेंच रागावतात. राज्यसंस्था त्यांना बोलावयास लावीत नाहीं. कोणाला गप्प करावयाचें, एवढेंच ती ठरविते. सांस्कृतिक क्रांतीची उपमा परकी लेखक येथें हटकून देतात. ती मला अर्धीच पटते. १९६६ चें भित्तिपत्रक ज्याच्याविरुद्ध असे त्याच्याच आवारांत लागे, आणि लिहिणारे पुष्कळदां त्याचेच विद्यार्थी वा सहकारी असत. आतांच्या वर्दीदाराला तोंडच नाहीं.

दोन्ही पुस्तकांतील उणीव मला एकच दिसते. ज्याच्यावर हल्ला झाला तो माणूस त्यांत स्पष्ट दिसतो. हल्ला करणारा वाचक कसा घडला, तें अंधुक राहतें. हेसलर यांच्यासमोर वर्ग असल्यामुळें ते त्याच्या जवळ तरी जातात. बेरी यांच्याजवळ केवळ संदेशांचा ढीग आहे, आणि त्या ढिगाची वर्गवारी करतांना ते संशोधकाच्या भाषेंत शिरतात. तेवढीं पानें रूक्ष झालीं आहेत. शिवाय दोघांनाहि परतावयास घर होतें. फांग फांग यांना नव्हतें, ही जाणीव बेरी यांच्या पुस्तकांत सतत आहे व तिनेंच त्याला वजन आलें आहे.

चिनी इंटरनेटवर दुसऱ्या प्रकारचा वाचकहि आहे, हें येथें नमूद करणें न्याय्य होईल. साथीची आगाऊ सूचना दिल्याबद्दल ज्यांना पोलिसांनीं ताकीद दिली त्या डॉक्टर ली वेनलियांग यांचा मृत्यु ७ फेब्रुवारी २०२० रोजीं झाला. वेइबोवरील त्यांच्या शेवटच्या मजकुराखालीं त्यानंतर लक्षावधि लोकांनीं लिहिलें. त्यांतलें पुष्कळसें निषेधाचें नाहींच. आज पाऊस पडला, परीक्षा बरी गेली, आई आजारी आहे, असें लोक त्या मृत डॉक्टरला सांगत राहिले.

बेरी यांनीं दैनंदिनीकडे वळण्यापूर्वीं फांग फांग यांची 'सॉफ्ट बरिअल' ही कादंबरी भाषांतरास घेतली होती. २०१६ सालची ही कादंबरी जमीनसुधारणेच्या काळांतील हत्यांविषयीं आहे. पारितोषिक मिळाल्यावर तिच्यावर टीकेचा भडिमार झाला व ती चीनमधील दुकानांतून नाहींशी झाली. तिचें इंग्रजी भाषांतर २०२५ मध्यें बाहेर पडलें. वरील दोन पुस्तकांपैकीं एकच वाचावयास सवड असेल तर हेसलर यांचें वाचावें. पण त्याच्या आधीं, मिळाल्यास, ही कादंबरी.