धाप, ७२ पेशंट आणि दोन वेळा १४

नांदेडला पोलीस भरतीची तयारी करणारी माझ्या ओळखीतली एक मुलगी. ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत तिला धाप लागायची, एरवी ठणठणीत. एक्स-रे नॉर्मल, स्पायरोमेट्री नॉर्मल, ऑक्सिमीटरवर ९८. "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून घरी पाठवलं. पुढे सीबीसी केली, तर हिमोग्लोबिन ७.८!

म्हणून १९९१ चा 'चेस्ट'मधला डीपासो आणि सहकाऱ्यांचा पेपर पुन्हा काढला. विषय हाच: हिस्ट्री, तपासणी, एक्स-रे, स्पायरोमेट्री करूनही न उलगडलेली धाप. सात वर्षांतले ७२ पेशंट. फुफ्फुसाचं कारण २६, हृदयाचं १०, हायपरव्हेंटिलेशन १४, आणि कारणच सापडलं नाही असे १४.

हा शेवटचा आकडा त्यांनी लपवला नाही, ते मला आवडतं. पण दोन्ही १४ शेजारी ठेवून बघा. हायपरव्हेंटिलेशन पक्कं ठरवणारी सर्वमान्य अशी एक चाचणी नाही. मग या दोन गटांमधली रेघ किती पक्की? चाळिशीच्या आतला पेशंट आणि अधूनमधून लागणारी धाप, रक्तातला ऑक्सिजन ठीक, तर दमा-प्रवृत्ती किंवा हायपरव्हेंटिलेशन, हा त्यांचा नियमही त्याच ७२ जणांवरून काढलेला. दुसऱ्या पेशंटांवर तपासल्याशिवाय तो अंदाजच.

माझा खरा आक्षेप पेपरवर नाही, तो आपण वापरतो त्या पद्धतीवर आहे. हे पेशंट डॉक्टरांनी रेफर केलेले. म्हणजे सोपी कारणं आधीच गळून गेलेली. छातीबाहेरचं कारण फक्त तिघांत निघालं. हा आकडा उचलून आपल्याकडे लावला की घोळ होतो. एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे.

आणि ९८ चं काय? ऑक्सिमीटर फक्त आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलंय ते सांगतो. लातूरला सात एसट्या फुल्ल गेल्या काय नि चौदा गेल्या काय, टक्केवारी शंभरच. प्रवासी मात्र निम्मे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १४ असेल तर १०० मिली रक्तात सुमारे १८ मिली, ७.८ ला जेमतेम १०. बसल्या जागी हे भागतं, मैदानावर नाही. (हे गणित एकदा वहीवर करून बघाच.)

विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत कुणी असा अभ्यास मांडला, तर सीबीसी पहिल्या चाळणीत घ्यायची की नंतर, हे प्रोटोकॉलमध्येच लिहावं लागेल. आधी घेतली तर 'कारण न सापडलेले' कमी भरतील, नंतर घेतली तर जास्त. पेशंट तेच.