चूक सुधारली, ऐकली कोणी?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. शाळा पूर्ववत सुरू झाल्यावरही ऑनलाइन वर्ग संपले नाहीत. शिकवण्यांमध्ये आणि परदेशातील मराठी मुलांच्या वर्गांमध्ये ते आजही चालतात. या वर्गांत भाषेची चूक सुधारण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिची थोडी परखड तपासणी व्हावी, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थी म्हणतो, ‘माझी मदत करा.’ बाई म्हणतात, ‘हो, मला मदत करा. बरं, पुढे?’ कोणाचा अपमान झाला नाही, धडाही अडला नाही. ही रीत प्रेमळ आहे, यात वाद नाही. पण मुलाच्या कानावर पडले ते ‘हो’. आपल्या म्हणण्याला बाईंनी दुजोरा दिला, असेच तो समजतो.

रॉय लिस्टर आणि लीला रान्टा यांनी कॅनडातील प्राथमिक शाळांत, फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण करून १९९७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के दुरुस्त्या अशा, म्हणजे वाक्य परस्पर नीट करून म्हणण्याच्या होत्या. त्यांपैकी फक्त ३१ टक्के दुरुस्त्यांना मुलांनी कसलाही प्रतिसाद दिला. याउलट, शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून किंवा प्रश्न विचारून योग्य रूप मुलाकडूनच काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा प्रत्येक वेळी प्रतिसाद आला आणि जवळजवळ निम्म्या वेळा तो अचूक होता. प्रतिसाद म्हणजे शिकणे नव्हे, हे खरे. पण जी दुरुस्ती मुलाच्या लक्षातच आली नाही, तिच्यातून तो शिकेल अशी आशा कशाच्या बळावर करायची?

ही गोष्ट एका खोलीत समोरासमोर बसलेल्या मुलांची. पडद्यावर अडचण वाढते. दहा भाषांमधील संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असे त्यात आढळले. इंटरनेटवरून आवाज पोहोचायलाच कित्येकदा याहून अधिक वेळ लागतो. बाईंची दुरुस्ती पोहोचेपर्यंत मूल पुढच्या वाक्यावर गेलेले असते. दोघे एकदम बोलले, तर प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा बहुधा एकाचा आवाज क्षीण करते. दुरुस्ती झाल्याचे समाधान शिक्षकाला मिळते, मुलाला मात्र काहीच मिळत नाही.

यावर काही जण दुसरे टोक गाठतात. वहीच्या पानाचा फोटो लाल खुणांसह साऱ्या गटावर टाकला जातो. वर्गात जी चूक चौघांच्या कानावर पडून विरून गेली असती, ती येथे साऱ्या पालकांसमोर लेखी राहते. मग त्या मुलाचा कॅमेरा बंद होतो, माइकही. जे मूल बोलतच नाही, त्याच्या चुकाही दिसत नाहीत आणि प्रगतीही.

शिवाय प्रत्येक चूक सारखी नसते. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ सालीच घसरणीची चूक आणि समजुतीची चूक असा भेद केला होता. घाईत चुकीची कळ दाबली गेल्याने ‘दिन’चे ‘दीन’ झाले, तर ते विद्यार्थ्याला नुसते पुन्हा वाचायला सांगावे. ‘मी अभ्यास करला’ म्हणणाऱ्या मुलाने मात्र बसणे–बसला, हसणे–हसला यांवरून नियम शोधला आहे. चुकला तो अपवादाला. त्याची बुद्धी चालते आहे, याचाच हा पुरावा. आणि ‘पानी’ म्हणणारे मूल तर चुकतच नाही. ते घरची बोली बोलते. तिथे ‘प्रमाण लेखनात काय लिहाल?’ एवढेच विचारावे.

मग करावे काय? एका तासाला एकाच प्रकारची चूक निवडावी. मुलाचे वाक्य पुरे होऊ द्यावे. नंतर ‘कोणाला मदत करा?’ असे विचारून थांबावे. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबल्यास उत्तरे सुधारतात, असे मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवले. आवाज उशिरा पोहोचणाऱ्या वर्गात याहून थोडे अधिकच थांबायला हवे. लेखी दुरुस्ती ज्याची त्याला खासगीत पाठवावी; वर्गापुढे चूक मांडावी, पण नाव न घेता.

आमचे म्हणणे कोणी तसेच स्वीकारू नये. सर्वांच्या संमतीने आपल्या एका तासाचे ध्वनिमुद्रण करावे. आपण किती दुरुस्त्या केल्या आणि त्यानंतर किती वेळा मुलाने ते वाक्य स्वतः नीट म्हटले, हे कागदावर दोन रकाने आखून मोजावे. दुसऱ्या रकान्यातील आकडा हेच त्या तासाचे खरे फलित.