सुरक्षा गुणक आणि खारा वारा

अंतिम सामर्थ्य भागिले प्रत्यक्ष येऊ दिलेला ताण, ही सुरक्षा गुणकाची व्याख्या आपण फळ्यावर लिहून देतो. ती चूक नाही, अपुरी आहे. गणितातला बोल्ट कायम कोरा असतो. आगरदांड्यासारख्या खाडीच्या तोंडावर बसवलेला बोल्ट फार दिवस तसा राहत नाही.

याच कोकण किनाऱ्यावर, मालवणच्या राजकोट किल्ल्यात, ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कारण म्हणून ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याचा आकडा पुढे आला. तो नववीच्या विद्यार्थ्यालाही तपासता येतो. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे ९४ न्यूटन प्रति चौरस मीटर. झोत दीडपट वेगाचे धरले तरी २११. भारतीय मानकात पणजीसाठी मूळ वेग ३९ मीटर आहे. त्याने दाब सुमारे ९१३ येतो. मग दोष वाऱ्याला कसा द्यायचा?

सार्वजनिक बांधकाम विभागाने २० ऑगस्टलाच नौदलाला कळवले होते, की पुतळ्याचे नट-बोल्ट पाऊस व खाऱ्या वाऱ्याने गंजत आहेत. (सगळे गंजावर ढकलणेही बरोबर नाही, चौकशीत सदोष वेल्डिंग आणि कमकुवत सांगाडाही पुढे आला.)

आता २० मिलिमीटरचा बोल्ट घ्या. आट्यांमुळे त्याचा ताण पेलणारा छेद ३१४ नव्हे, २४५ चौरस मिलिमीटर असतो. आयएस ८०० (२००७) ही संहिता बोल्टच्या सामर्थ्याला १.२५ ने भागायला सांगते. गंजाने चोहीकडून एकच मिलिमीटर खाल्ला, तर छेद १९३ उरतो. २४५ भागिले १९३ = १.२७. गुणक संपला! भारासाठीचा १.५ वेगळा असतो खरा, पण तो भारातल्या अनिश्चिततेसाठी राखलेला आहे.

संहितेला माणसाचा हात ठाऊक आहे: कारखान्यातल्या वेल्डिंगला १.२५, जागेवरच्या वेल्डिंगला १.५०. गंजाला मात्र असा गुणक नाही, आणि ते योग्यच आहे. गंज दरवर्षी वाढतो. मोठा गुणक त्याला फक्त काही काळ पुरतो. त्यासाठी जस्ताचा लेप, रंग आणि नेमाने तपासणीच हवी. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत वर्षे हा शब्दच येत नाही, ही माझी मुख्य तक्रार.

मुरूड, आगरदांडा, दिघी भागातल्या शिक्षकांना भंगारात गंजका बोल्ट सहज मिळेल. तो व्हर्निअरने आधी तसाच मोजावा, मग गंज खरवडून मोजावा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पहिल्या मापात बोल्ट जाड झालेला दिसण्याचा संभव आहे.