पाय धुणे : योहानाच्या शुभवर्तमानातील सेवेची भाषा

ख्रिस्ती अध्यात्मात नम्रतेला मूलभूत स्थान आहे. परंतु ती ज्या शब्दांनी व्यक्त होते त्यांचा पूर्वेतिहास गौरवाचा नाही. ग्रीक भाषेतील ‘तापेइनोस’ हे विशेषण ख्रिस्तपूर्व काळात बहुधा हीन, क्षुद्र, लाचार अशा अर्थच्छटांनी वापरले जाई. नव्या करारातील लेखनाने त्यास सद्गुणाचे मोल दिले. लॅटिन ‘हुमिलितास’चे नाते ‘हुमुस’ म्हणजे माती ह्या शब्दाशी आहे. ह्या पूर्वपीठिकेमुळे नम्रता म्हणजे स्वतःस कमी लेखणे, हा समज सहज रुजतो. आणि भक्तिपर लेखनात ‘पामर’, ‘दीन’ अशा विशेषणांची रेलचेल झाली की नम्रता सिद्ध झाली, असे मानले जाते.

ह्या समजाची कसोटी पाहण्यास योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय विशेष उपयुक्त आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो, हा त्यातील प्रसंग. ख्रिस्ती परंपरा त्यास नम्र सेवेचा आदर्श मानते. पण ‘तापेइनोस’ वा त्यापासून साधलेला एकही शब्द ह्या प्रसंगात नाही, किंबहुना ह्या संपूर्ण शुभवर्तमानात नाही. नम्रतेचा सारा भार येथे क्रियापदांनी वाहिला आहे.

प्रथम वाक्यरचना पाहावी. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठतो. ‘जाणून’ ह्या अर्थाचे ‘एइदोस’ हे कृदंत मुख्य क्रियापदापूर्वी आले आहे. ग्रीक व्याकरणाच्या दृष्टीने त्याचा अन्वय दोन प्रकारे लावता येतो : ‘जाणत असूनही उठला’ असा विरोधवाचक, किंवा ‘जाणत होता म्हणून उठला’ असा कारणवाचक. पहिला अन्वय स्वीकारल्यास सेवा ही थोरपणाला घातलेली तात्पुरती मुरड ठरते. दुसरा स्वीकारल्यास सेवा थोरपणातूनच उगम पावते. अध्यायाचा आरंभ स्वकीयांवरील अखेरपर्यंतच्या प्रेमाने होतो, हे ध्यानी घेता दुसरा अन्वय अधिक सयुक्तिक वाटतो. मराठीतील ‘जाणून’ हे रूप दोन्ही शक्यता खुल्या ठेवते. स्पष्टतेच्या हौसेने अनुवादकाने तेथे ‘असूनही’ घातले, तर एका अव्ययाने सारे तत्त्वज्ञान पालटेल. ज्या हातांत सर्व काही आहे, तेच हात पुढच्या वाक्यात पंचा उचलतात. हा संबंध लेखकाने कोठेही समजावून सांगितलेला नाही.

त्यानंतरची क्रियापदे घरकामातली आहेत : वस्त्रे उतरून ठेवणे, पंचा कमरेस गुंडाळणे, गंगाळात पाणी ओतणे, धुणे, पुसणे. पंचासाठी आलेला ‘लेन्तिओन’ हा शब्दही लॅटिनमधून ग्रीकमध्ये आलेला, साध्या वापराचा आहे. तथापि ह्या साधेपणात एक खोल अनुसंधान दडले आहे. वस्त्रे ‘ठेवणे’ ह्यासाठी जो ‘तिथेमि’ धातू योजला आहे, तोच दहाव्या अध्यायात मेंढपाळाने प्राण अर्पण करण्यासाठी आला आहे. आणि वस्त्रे पुन्हा ‘घेणे’ ह्यासाठी आलेला ‘लाम्बानो’ हा धातू तेथे प्राण परत घेण्यासाठी आहे. पाय धुण्याच्या कृतीत येऊ घातलेल्या मरणाची सावली अशी धातूंवाटे पडते. मराठीत ‘वस्त्रे काढली’ आणि ‘प्राण दिला’ असे लिहिले की हा धागा तुटतो. आपल्या भाषेत ‘देह ठेवणे’ हा प्रयोग रूढ आहे. परंतु त्यात शांत समाप्तीचा भाव आहे, दुसऱ्यासाठी केलेल्या बलिदानाचा नाही. म्हणून तो जसाच्या तसा घेता येणार नाही. तरीही ‘उतरून ठेवली’ असे म्हटल्यास निदान एक तंतू शाबूत राहतो.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण उभी राहते. पाय धुणे ही आपल्याकडे मानाची क्रिया आहे. पाद्यपूजेत गुरूचे, विवाहात जावयाचे पाय धुतले जातात. धुणारा लहान आणि धुवून घेणारा मोठा, असा क्रम तेथे गृहीत असतो. ‘पादप्रक्षालन’ ह्या शब्दाबरोबर हा सारा विधी वाक्यात प्रवेश करतो आणि प्रसंगातील धक्का नाहीसा होतो. मूळ ‘निप्तो’ हे क्रियापद शरीराचा एखादा भाग धुण्याचे, अगदी नित्याचे आहे. त्याला ‘धुणे’ हाच प्रतिशब्द होय. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या व 1924 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अनुवादात साध्या मराठीचा आग्रह धरला, त्यामागे अल्पशिक्षित वाचकांची चिंता होती. अनुवादकाने आपली विद्वत्ता अशी उतरून ठेवणे, हीही सेवाच होय.

देवाने भक्ताघरी राबावे, ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. जनाबाईबरोबर दळणारा विठ्ठल आणि एकनाथांच्या घरी पाणी भरणारा श्रीखंड्या सर्वांस परिचित आहेत. मात्र श्रीखंड्या आपली ओळख लपवून राबतो. ती उघड होताच तो अंतर्धान पावतो. योहानाच्या वृत्तांतात ओळख आणि सेवा एकत्र नांदतात. शिष्य आपणास गुरू व प्रभू म्हणतात ते योग्यच आहे, असे येशू पाय धुतल्यावर स्पष्ट सांगतो.

पेत्राच्या उद्गारात ‘सु’ आणि ‘मू’, म्हणजे ‘तू’ आणि ‘माझे’, ही सर्वनामे एकमेकांस भिडून येतात. ग्रीकमध्ये आदरार्थी भेद नाही. मराठी अनुवादकास ‘तू’ की ‘आपण’ हे ठरवावेच लागते. येथे ‘आपण’ अधिक समर्पक ठरेल, कारण सर्वांत हलके काम करणाऱ्यास सर्वांत आदराचे सर्वनाम लाभल्याने पेत्राचा संकोच ऐकू येतो. तो संकोच वरकरणी विनय वाटतो. परंतु येशू तो मान्य करीत नाही. सेवा घेण्यास नकार देणे हेही अहंतेचेच रूप असू शकते. विश्वासघात करणारा यहूदाही त्या वेळी भोजनास होता, म्हणजे सेवेपूर्वी पात्रतेची विचारणा झाली नाही.

शेवटी येणारी आज्ञा अनपेक्षित आहे. ‘माझे पाय धुवा’ असे येशू म्हणत नाही. धुवावयाचे आहेत ते एकमेकांचे. दास्यभक्तीत सेवा भक्ताकडून देवाकडे जाते. येथे ती शेजाऱ्याकडे वळविली जाते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी केलेल्या नियमात ह्या आज्ञेला आठवड्याच्या पाळीचे रूप दिले. स्वयंपाकघरातील पाळी संपविणारा व नवी पाळी घेणारा, दोघांनी सर्वांचे पाय धुवावेत. आणि पाळी संपविणाऱ्याने बंधूंचे हातपाय पुसण्याची वस्त्रेही धुवून द्यावीत, असे तो नियम सांगतो. सेवेचे मोठेपण कोणा एकाच्या नावावर साचू नये, ही दक्षता त्यात आहे. पाळी येते आणि जाते. पंचा मात्र पुढच्याच्या हाती स्वच्छ द्यावयाचा असतो.