पराभवाच्या दिवसांतील निष्ठा

वाङ्मयविचाराला वाहिलेल्या मासिकांत चेंडूच्या खेळावरील पुस्तकाचें परीक्षण कशास, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ज्या पुस्तकाविषयीं आम्ही लिहीत आहों, तें खेळणाऱ्यांविषयीं नसून खेळ पाहणाऱ्याविषयीं आहे; आणि मनुष्य ज्या गोष्टीवर आपला कांहींच अधिकार नाहीं तिच्या पायीं सुखी वा दुःखी कां होतो, हा प्रश्न वाङ्मयाला परका नाहीं. निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाचें 'फीव्हर पिच' हें आत्मकथनपर पुस्तक १९९२ सालीं प्रसिद्ध झालें, आणि क्रीडाविषयक ग्रंथांसाठीं दिला जाणारा विल्यम हिल पुरस्कार त्यास त्याच वर्षीं मिळाला. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याचा विचार करण्यास निमित्त असें कीं, आपल्याकडील पुष्कळ घरांत तरुण मंडळी आतां रात्रीं जागून इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने पाहतात. हजारों कोसांवरील एखाद्या संघाची घडी हंगामाच्या मध्यावर विस्कटली, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर जी अवकळा येते ती पाहून वडील मंडळी चकित होतात. कोणी म्हणतो, "अजून निम्मे सामने आहेत, सारें ठीक होईल", कोणी म्हणतो, "आतां संपलें." या दोघांत शहाणा कोण, हें ठरविण्यास हें पुस्तक उपयोगीं पडतें काय, तें आम्हांस पाहावयाचें आहे.

तेथील साखळी स्पर्धेची रचना ठाऊक असल्यावांचून या अवकळेचा अर्थ लागावयाचा नाहीं. वरच्या श्रेणींत २० संघ असतात. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशीं एकदां आपल्या व एकदां परक्या मैदानावर खेळतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास ३८ सामने येतात, आणि ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत हा क्रम चालतो. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. शेवटीं अंतिम सामना म्हणून कांहीं नसतो. गुणांची बेरीज हाच निकाल, आणि तळाचे तीन संघ खालच्या श्रेणींत ढकलले जातात. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत पराभवाचें दुःख एकदांच काय तें भोगून माणूस मोकळा होतो. साखळींत तें गिळून पुढच्या आठवड्यांत पुन्हां त्याच दारांत उभें राहावें लागतें. त्यांतही नाताळाच्या आगेमागेंचा काल सर्वांत कठीण. ऑगस्टमधील पराभव कोणी फारसा मनावर घेत नाहीं, कारण पुढें सारा हंगाम पडलेला असतो. मे महिन्यांत बहुधा निकालच लागलेला असतो. तेथें चिंतेला जागा उरत नाहीं. डिसेंबर-जानेवारींत मात्र कोष्टकास अर्थ आलेला असतो, पण निर्णय झालेला नसतो. आशा आणि धास्ती या दोघींनाही सारखाच आसरा देणारा असा हा ऋतु आहे.

हॉर्नबीच्या पुस्तकाची मांडणीच या कालगणनेवर उभी आहे. त्यांतील लहान लहान प्रकरणांस सामने व त्यांच्या तारखा यांचे मथळे आहेत. जणूं लेखकाच्या आयुष्याचें पंचांग आर्सेनल या लंडनच्या संघानेंच करून ठेविलें आहे. पहिली नोंद १४ सप्टेंबर १९६८ ची, आर्सेनल आणि स्टोक सिटी यांच्या सामन्याची. आईबाप विभक्त झालेले. अकरा वर्षांच्या मुलाला भेटीच्या दिवशीं न्यावें कोठें, हा वडिलांपुढील पेंच हायबरीच्या मैदानानें सोडविला. तो सामना आर्सेनलनें एका गोलानें जिंकला. पण मुलाच्या मनावर ठसा उमटला तो भोंवतालच्या पुरुषांच्या त्रासिक मुद्रांचा. पदरचे पैसे मोजून यावें आणि येऊन कष्टी व्हावें, असे लोक त्यानें पूर्वीं पाहिले नव्हते. पुढें मार्च १९६९ मध्यें लीग चषकाच्या अंतिम सामन्यांत तिसऱ्या श्रेणींतील स्विंडन टाउन या संघानें आर्सेनलचा ३-१ असा पाडाव केला, आणि मुलाची दीक्षा पुरी झाली.

या दीक्षेंतून लेखकानें जो सिद्धांत काढला तो असा कीं, असमाधान हीच प्रेक्षकाची मूळ प्रकृति होय. विजय हा तिच्यांतील तात्पुरता बिघाड. हें त्यानें इतक्या मोकळेपणानें आणि स्वतःवर हंसत हंसत सांगितलें आहे कीं, वाचक त्याच्या बाजूस ओढला जातो. आपल्या मनाचा खिन्नपणा आणि संघाची घसरण यांचा धागा कसा गुंतत गेला, हें तो लपवीत नाहीं. केंब्रिजला शिकत असतां तेथील केंब्रिज युनायटेड या लहानशा संघाचाही त्याला नाद लागला. साखरेच्या उंदराचें डोकें चावून तोडावयाचें आणि उरलेला उंदीर मोटारीखालीं चिरडला जावा म्हणून रस्त्यावर टाकावयाचा, म्हणजे आपला संघ जिंकतो, असा एक तोडगा त्यानें व त्याच्या मित्रांनीं चालविला होता. वाचकांनीं यास हंसूं नये. क्रिकेटचा सामना रंगांत आला असतां "उठूं नकोस, तूं उठलास कीं गडी बाद होतो" असें ज्या घरांत कधींच कोणी म्हटलें नाहीं, असें घर आपल्याकडे शोधून काढावें लागेल. ज्याच्या हातीं कांहींच नाहीं, तो हाताला कांहीं तरी उद्योग देतो. चिंता करणें हाही त्याच जातीचा एक तोडगा आहे, ही या पुस्तकांतून आम्हांस मिळालेली सर्वांत मोलाची सूचना होय. धास्तावलेल्या प्रेक्षकास मनांतून वाटत असतें कीं आपण बेफिकीर झालों तर संघ खात्रीनें हरेल. त्याची काळजी म्हणजे त्यानें संघासाठीं केलेली चाकरीच.

परंतु असमाधान हेंच शहाणपण, असा जो सूर पुस्तकांतून वारंवार निघतो, तो मात्र आम्हांस मान्य करवत नाहीं. इतिहासाची साक्ष काढावयाची तर ती दोन्ही पक्षांच्या बाजूनें निघते. १३ डिसेंबर १९९७ रोजीं याच आर्सेनलला ब्लॅकबर्ननें हायबरीवर ३-१ असें हरविलें आणि प्रेक्षकांनीं आपल्याच खेळाडूंची हुर्यो केली. त्यानंतर विजेतेपद हातीं येईपर्यंत तो संघ साखळींत एकही सामना हरला नाहीं; ३ मे १९९८ रोजीं एव्हर्टनला ४-० असें नमवून त्यानें तें पद मिळविलें. लेस्टर सिटी हा संघ २०१४ च्या नाताळांत तळाशीं होता. शेवटच्या नऊ सामन्यांपैकीं सात जिंकून तो तगला, आणि पुढच्याच हंगामांत, म्हणजे २०१६ मध्यें, विजेता ठरला. हा झाला आशावाद्यांचा पुरावा. उलट पक्षीं, जानेवारी १९९६ मध्यें न्यूकॅसल युनायटेड १२ गुणांनीं पुढें होता, तरी विजेतेपद मँचेस्टर युनायटेडकडे गेलें. २०२२-२३ च्या हंगामांत आर्सेनल २४८ दिवस अग्रस्थानीं राहिला आणि अखेर दुसरा आला. आणि ज्या केंब्रिज युनायटेडसाठीं साखरेचे उंदीर खर्चीं पडले, तो संघ १९८३-८४ मध्यें लागोपाठ ३१ साखळी सामन्यांत एकदांही जिंकला नाहीं! तेथें आशावाद्यानें काय बोलावें?

शांत डोक्यानें हिशेब केला तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. एखादा चांगला संघ निम्मे सामने जिंकतो असें धरूं, आणि प्रत्येक सामना म्हणजे नाण्याची एक फेंक मानूं. ३८ वेळां नाणें उडविलें असतां कोठें तरी लागोपाठ चार वेळां कांटा पडण्याचा संभव निम्म्याहून बराच अधिक असतो. म्हणजे संघाचें कांहींएक बिघडलेलें नसतांही महिनाभर विजयाचें दर्शन न होणें हें नवलाचें नाहीं. अर्थात् खेळाडू म्हणजे नाणीं नव्हेत. त्यांचे पाय दुखावतात, त्यांचा आत्मविश्वास जातो, प्रतिपक्ष त्यांची चाल ओळखूं लागतो. म्हणून प्रत्येक घसरण निव्वळ योगायोगाची असेंही म्हणतां येत नाहीं. मुद्दा इतकाच कीं, चार-पांच सामन्यांवरून दोहोंतील भेद गॅलरींत बसलेल्या माणसास कळत नाहीं. तेव्हां "सारें ठीक होईल" आणि "आतां संपलें" हीं दोन्ही भाकितें दिसण्यांत असलीं तरी खरोखरीं भाकितें नव्हेत. तीं आपापल्या स्वभावाचीं उच्चारणें आहेत.

याचा सर्वोत्तम दाखला हॉर्नबीच्याच पुस्तकांत आहे, आणि तो त्याच्याच सिद्धांतास बाधतो. १९८८-८९ च्या हंगामांत आर्सेनलनें मिळविलेली मोठी आघाडी वसंत ऋतूंत विरघळली. मे महिन्यांत घरच्या मैदानावर डर्बीकडून पराभव आणि विम्बल्डनशीं बरोबरी, अशी शेवटीं गत झाली. उरला एकच सामना, तोही २६ मे रोजीं लिव्हरपूलच्या मैदानावर, आणि विजेतेपदासाठीं तो दोन गोलांच्या फरकानें जिंकणें भाग होतें. लेखकानें आशा सोडली होती. तरी तो दूरचित्रवाणीपुढें बसला. ॲलन स्मिथनें उत्तरार्धांत एक आणि मायकेल टॉमसनें अगदीं अखेरच्या क्षणीं दुसरा गोल केला. दोन्ही संघांचे गुण ७६, गोलांचा फरकही सारखा, आणि केवळ अधिक गोल केले म्हणून १८ वर्षांनीं आर्सेनल विजेता ठरला. आमचा प्रश्न असा: ज्यानें आशा खरोखरच सोडली, तो तेथें बसला कशाला? ज्यास रोग्याचें कांहीं उरलें नाहीं असें वाटतें, तो उशाशीं रात्र जागवीत नाहीं. चिंतातुर प्रेक्षकाची निराशा ही आशेनेंच पांघरलेली घोंगडी आहे. दृष्ट लागूं नये म्हणून तिनें स्वतःच्या गालावर लावलेली ती काजळाची तीट आहे. लेखकाला स्वतःचें हें गुपित अर्धेंच कळलें, असें आम्हांस वाटतें.

आणि येथेंच या दोन स्वभावांतील नैतिक भेद सुरू होतो. धास्ती जोंपर्यंत मायेची आहे तोंपर्यंत ती आशेची सख्खी बहीण. पण हायबरीवरील त्या डिसेंबरांतल्याप्रमाणें जेव्हां ती आपल्याच माणसांची हुर्यो करूं लागते, तेव्हां ती निष्ठा राहत नाहीं, हिशेब चुकता करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार होते. आशेलाही असाच दोष संभवतो. जी आशा संघाचें वैगुण्य पाहण्यासच नकार देते, ती आळशी असते. पुस्तकाची मोठी उणीव आम्हांस ही दिसते कीं, लेखक स्वतःच्या मनाचा तळ इतक्या बारकाईनें धुंडाळतो, पण शेजारच्या प्रेक्षकाच्या मनांत सहसा शिरत नाहीं. त्याच्या शेजारचा आशावादी कसा जगतो, हें आम्हांस त्याच्याकडून कळत नाहीं.

मात्र एका ठिकाणीं शेजारी त्याच्यापुढें प्रखरपणें उभा राहतो. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दींत चिरडून जी माणसें दगावलीं, त्यांची संख्या अखेर ९७ झाली. याच दुर्घटनेमुळें लिव्हरपूलचा तो सामना लांबणीवर पडून मेअखेर आला होता. लेखक या प्रसंगावर गंभीरपणें लिहितो, आणि सहा आठवड्यांनंतर तोच लेखक विजेतेपदाच्या आनंदानें बेभान होतो. या दोन प्रकरणांचें सान्निध्य कित्येकांस खटकेल. आम्हांस तें पुस्तकांतील सर्वांत खरें स्थळ वाटतें. गुणांच्या कोष्टकावरून झोंप उडविणाऱ्या माणसास दुःखाचें माप कळत नाहीं असें नव्हे. तें कळूनही तो आपल्या लहानशा दुःखाकडे परत येतो, कारण तें सोसण्याजोगें असतें.

ही निष्ठा परदेशचें एक फॅड आहे असें कोणी समजूं नये. कोल्हापुरांत पेठापेठांतील तालमींनीं फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हीं नांवें उच्चारतांच तेथें बाजू पडतात. पेठेचा संघ हरूं लागला म्हणून पेठ कोणी बदलीत नाहीं. दूरच्या संघावर जीव लावणाऱ्या आमच्या तरुणांची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. त्यांना जन्मानें बांधलेलें नाहीं. संघ बदलणें त्यांस केव्हांही शक्य आहे, आणि जिंकणारा संघ निवडणें तर अगदीं सोपें. तरीही ते हरणाऱ्याजवळ राहतात. यांत वडिलांनीं कौतुक करण्यासारखें कांहीं तरी आहे, असें आम्हांस वाटतें.

एकंदरींत, 'फीव्हर पिच' हें पुस्तक शहाणा कोण हें सांगत नाहीं. आशावादी आणि चिंतातुर हे एकाच बाकावर बसतात व एकाच वेळीं उभे राहतात, हें तें नकळत दाखवितें. ज्यांच्या घरांत असा एखादा जागणारा मुलगा वा मुलगी असेल, त्यांनीं तें अवश्य वाचावें. पुढच्या वेळीं पराभवानंतर "एका खेळासाठीं इतकें काय?" असें विचारण्यापूर्वीं ते क्षणभर थांबतील, आणि कदाचित् पुढचा सामना केव्हां आहे, एवढेंच विचारतील.