अनुवादाचे टेबल आणि ‘चक्र’ : जयवंत दळवींच्या कादंबरीलेखनाची पूर्वपीठिका

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांच्या कादंबऱ्यांचा विचार करताना समीक्षकांची दृष्टी प्रायः वासना, वेडेपण आणि कोकण या आशयसूत्रांवर स्थिरावते. ‘प्रभात’, ‘लोकमान्य’ या दैनिकांतील त्यांची उपसंपादकी आणि त्यानंतर अमेरिकन माहिती खात्यातील (युसिस) नोकरी यांची नोंद केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून होते. वस्तुतः ही नोकरी ग्रंथव्यवहाराची होती. अमेरिकन पुस्तके मराठी लेखकांकडून अनुवादित करवून घेणे हा तिचा महत्त्वाचा भाग. कादंबरीकार म्हणून पुढे येण्यापूर्वी दळवी दुसऱ्याच्या मजकुराचे चोखंदळ वाचक होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज ‘चक्र’ (१९६३) मधील संयमाचा उलगडा होत नाही.

‘चक्र’मध्ये मुंबईतील झोपडपट्टी आहे, परंतु निवेदक वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणू पाहत नाही. अम्मा आणि तिचा मुलगा बेनवा यांच्या जगण्यातील भूक, शरीर आणि हिंसा एकाच कोरड्या स्वरात येतात. या विषयाला सुधारकी कळवळ्याने हात घालण्याची सोय तेव्हा उपलब्ध होती. दळवींनी ती नाकारली. विशेषणे गाळण्याची ही सवय संपादकाच्या लाल पेन्सिलीची आहे.

युसिसच्याच अनुवादयोजनेतून जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिश्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. रान तोडून शेत, शेतातून गाव, असा वसाहतीचा चढता आलेख तेथे दिसतो. ‘चक्र’ या अनुवादांच्या आधीचे असल्याने प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. ‘चक्र’मधील माणसांनाही निवाराच उभारायचा आहे, पण पायाखालची जमीन कधीच त्यांची होत नाही. घाटकोपरच्या असल्फ्यासारख्या डोंगरउतारावरील वस्तीत वाढलेला विद्यार्थी ही कादंबरी वाचतो तेव्हा पाण्याचे, रांगेचे, भांडणाचे तपशील तो स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहतो. ‘वास्तववादी’ हे पाठ्यपुस्तकी विशेषण त्याला पुरत नाही.

‘ललित’मधून सुमारे दोन दशके लिहिणारा ‘ठणठणपाळ’ याच ग्रंथव्यवहाराची, म्हणजे स्वतःच्याही घराची, टिंगल करीत होता, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

मात्र याच सरावाची एक किंमतही आहे. ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून दळवींनी ‘बॅरिस्टर’ (१९७७) हे नाटक लिहिले. नाटक निःसंशय अधिक बांधेसूद आहे. परंतु कादंबरीतील त्या घराचा संथ, कुबट अंधार त्याच्या चौकटीत मावला नाही, आणि कापला गेला.