हक्कसोडपत्र आणि मुलीचा वारसाहक्क : एक चिकित्सा

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने मुलीला वारस मानले. परंतु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध हक्क मुलग्यापुरताच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ही विषमता दूर केली. मात्र २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद मिटविला. पुढे २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले.

कागदावरील ही समता सातबाऱ्यापर्यंत पोहोचते, पण तेथे टिकत नाही. वडिलांच्या निधनानंतर वारस म्हणून बहिणीचे नाव लागते आणि पुष्कळदा हक्कसोडपत्राने ते कमीही होते. त्यासाठी मोबदला द्यावा लागत नाही. मुद्रांक शुल्कही नाममात्र असते. ‘तिच्या लग्नात खर्च केला’ हे समर्थन तयारच असते. वाटा मागितल्यास माहेर तुटेल, ही भीती कोणत्याही कलमात नाही. परंतु सही घडवून आणते ती हीच भीती.

अशा सहीला स्वेच्छा म्हणावे काय? नोंदणीच्या वेळी सही व ओळख पडताळली जाते. आपण किती क्षेत्र आणि किती मूल्य सोडत आहोत, हे बहिणीला ठाऊक आहे काय, असे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून नोंदणीपूर्वी तिला वाट्याचा तपशील लेखी देणे आणि विचारासाठी मुदत देणे बंधनकारक व्हावे. जो हक्क कधी हाती आलाच नाही, त्याच्या त्यागाला औदार्य म्हणणे ही समाजाने केलेली स्वतःची फसवणूक होय.